धरमतरच्या चिखलात ग्रीक अक्कल

पेण, रविवार, दिवेलागण

परवा रोह्याच्या वाचनालयात मी तासभर सांगत होतो की ग्रीक पुराणात ताकद हरते आणि अक्कल जिंकते. टाळ्याही पडल्या. रोह्यात कशालाही पडतात.

आज त्याच अकलेने निसारची सफर बुडवली. माझा शाळेपासूनचा दोस्त, वीस वर्षं दुबईत. धरमतरच्या खाडीतून शिडाच्या होडीने उघड्या समुद्रावर जायचं, एवढं एकच स्वप्न, आणि रजेचा आज शेवटचा दिवस. अष्टमीची भरती सकाळी सहाला, हे तिथीवरून मीच काढलं. बरोबर काढलं! मग जेट्टीवर चहा पिताना त्याला त्याच ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसाची गोष्ट सांगत बसलो. होडीवाला नामा तीनदा म्हणाला, "भाऊ, पानी उतरतंय." तीनदा. मी म्हणालो, "थांब रे, राक्षस आंधळा व्हायचाय अजून."

अष्टमीचं पाणी आधीच थोडं. पहिल्याच वळणावर होडी चिखलात बसली. नामा आणि निसार कमरेपर्यंत उतरून ढकलत होते, मी वर बसून दिशा सांगत होतो.

"तुझ्या राक्षसाला बोलव," निसार धापा टाकत म्हणाला. "आता तोच कामाचा हाय."

होडी सुटली ती दुपार कलल्यावर, पाणी पुन्हा चढलं तेव्हा. तोवर निसारची निघायची वेळ झाली. पाणी उतरतंय, एवढंही ज्याला कळत नाही तो लोकांना अक्कल शिकवतो!

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीत बसताना निसार एवढंच म्हणाला, "जाऊ दे रे. दर्या काय, विमानातून दिसंल."