सुजाता राजीनामा टाकेपर्यंत

सोम., १० नोव्हें.
सुजाताला आमच्या कंपनीचं ऑफर लेटर गेलं. खालच्या गॅलरीतून ओरडली, "ताई, आलं गं!" चाळभर पेढे वाटून मोकळी. आत्ताच्या कंपनीत तिला तीन दिवस ऑफिस, आमच्याकडे एकच. हे तिला मीच सांगितलेलं, बिनधास्त सोड म्हणून. तिची आई विसरायला लागलीय. मागे एकटीच निघाली, ती करी रोडच्या पुलावर सापडली. अनवाणी.

मंगळ., ११
साहेबांनी आम्हा एचआरवाल्यांना केबिनमध्ये घेतलं. जानेवारीपासून पाचही दिवस ऑफिस, सगळ्यांना. "नवीन लोक जॉइन होईपर्यंत तोंड बंद. नोटिस पिरियडमध्येच गळतात." कुणीतरी विचारलं, जुने सोडून गेले तर? "जाऊ देत. तेवढे कमीच करायचेत." सगळे हसले. मीही हसले मेली.
सुजाता शुक्रवारी राजीनामा टाकणार.

बुध., १२
सांगितलं तर? तिला मीच आणलीय, साहेबांना माहीत आहे. ती नाही म्हणाली की पहिला संशय माझ्यावर. घर माझ्या पगारावर चालतं. आणि नाही सांगितलं तर...
जेवण जाईना. आई म्हणे, "काय झाला गो तुका?" काय सांगू? जिन्यात सुजाता दिसली, तर उलटी वर पळाले. स्वतःच्या चाळीत चोरासारखी.

गुरु., १३
ठरवलं, सांगायचं. नोकरी गेली तर गेली. (नुसतं म्हणायला.) ऑफिसातून थेट तिच्याकडे. दाराला बाहेरून कडी. तिची आई खिडकीशी, "बाई, उघडता का हो?" मी कडीला हात लावला आणि सुजाता भाजी घेऊन आली. "खाली गेले होते गं, म्हणून कडी घालावी लागते. ताई, आजच टाकला राजीनामा! मॅनेजर म्हणाला, थांब, अजून एक दिवस घरून देतो. म्हटलं नको, तिकडे माझी ताई आहे."
मी "बरं झालं" म्हणाले. बरं झालं!! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शुक्र., १४
तब्येतीचं कारण सांगून घरी. खोटं तरी कुठे आहे? सुजाता ऑफिसला जाताना तिच्या आईला आमच्याकडे बसवून गेली. "काकू, एवढा महिना सांभाळून घ्या. मग मी घरीच." मॅनेजरने राजीनामा अजून मंजूर केला नाही म्हणे, सोमवारपर्यंत विचार कर म्हणालाय. म्हणजे मागे घेता येईल. मी आज तोंड उघडलं तर.
तिची आई माझा हात सोडत नाही. मला सुजाता म्हणते.
जिन्यात सुजाताचा आवाज येतोय. वही मिटते, दार मीच उघडते.