सतरा फेब्रुवारीचं इंजिन

रिचमंड, इंडियाना
३ एप्रिल १९९८

ती. कॅझदादास,
लॉटीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या आयरीनला सगळं कळतं, म्हणून पत्र लिहितेय. आधी खुर्चीत बस. मी गाडी घेतेय. १९७० सालची, दोन दारांची, पुढे काळे पट्टे असलेली. तू आणि माझ्या एर्वनं जिथं एकतीस वर्षं काढलीत, त्याच कारखान्याचं इंजिन आहे तिच्यात.

गाडी हॉलिस ट्रेंटची आहे. शनिवारी जुन्या गाड्यांवाले न्याहारीला जमतात, तिथं ओळख झाली. बायको गेल्यापासून तो गाडी फक्त धुतो. त्याचं म्हणणं, कारखान्यात बसवलेलं इंजिन आजवर बदललेलं नाही. तसं असेल तर मागतोय ती किंमत रास्त आहे, नसेल तर गाडी निम्म्या किमतीचीही नाही. एर्व गेल्यावर मिळालेले विम्याचे सगळे पैसे त्यात जातील.

चौसष्टाव्या वर्षी हे कसलं खूळ, असं तू म्हणशील. पण दादा, तिथं इंजिनांवर नंबर ठोकायचं काम एर्वकडे होतं. या इंजिनावर त्याच्या हातचा ठोका असेल. घरात त्याचे बूट आहेत, चष्मा आहे. त्यानं केलेलं काम मात्र एकही नाही. मला ते हवंय.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी
लॉटी

*

मिलब्रुक, मिशिगन
७ एप्रिल १९९८

चि. लॉटीस,
अनेक आशीर्वाद.

चारशे पंचावन्न घनइंचांचं इंजिन म्हणजे काय, कळतं का तुला? जन्मभर तू मागे किराणा भरायची गाडी चालवलीस. ही जरा पाय टेकवला की बगळ्यासारखी मान वर करते. ब्रेक त्या मानानं काहीच नाहीत. आणि हा ट्रेंट कोण, कुणाचा? बायको गेलेली माणसं काहीही विकतात आणि मग रडतात.

ऐकणार नाहीसच, तर निदान बघून घे. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण इंजिन मला वाचता येतं. थंड असताना चालू करायला सांग, हॉलिसनं आधी गरम करून ठेवलं असेल तर हात लावून कळेल. निळा धूर आला तर तेल जळतंय. तो सुरुवातीला येऊन थांबला तर व्हॉल्व्हची रबरं गेलीत, ते चालतं. थांबला नाही तर घरी ये. खालून जड ठकठक ऐकू आली तरी घरी ये.

मग नंबर. पुढच्या बाजूला उजव्या हाताला, सिलिंडरच्या डोक्याखाली बोटभर सपाट जागा आहे. तिथं यंत्रानं तासल्याच्या बारीक सरळ रेघा असतात. लबाड लोक जुना नंबर घासून काढतात आणि नवा ठोकतात, तेव्हा त्या रेघा जातात. रेघा नसल्या तर एक शब्द न बोलता निघ. असल्या तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घास आणि तो ठसा मला पाठव. एर्वचा ठोका मी हजारात ओळखेन.

तोवर एक पैसा देऊ नकोस. उत्तर लवकर पाठव, मला घास जात नाही.
ममता आहे, म्हणूनच बोलतो.
तुझा
कॅझ

*

रिचमंड
१२ एप्रिल १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घास जाऊ दे. सोबत ठसा आहे.

इंजिन बर्फासारखं थंड होतं. हॉलिसनं मलाच किल्ली दिली. दुसऱ्या झटक्याला पेटलं आणि माझ्या बरगड्यांत घुमलं. निळा धूर आला आणि कॉफी ओतेपर्यंत थांबला. ठकठक नाही. मी वाकून एवढं बघत होते की हॉलिस म्हणाला, बाई, गाडी घेताय की दात तपासताय? मी म्हटलं, माझ्या भावाला विचारा, तो मिशिगनमधून तपासतोय.

तू सांगितलेल्या रेघा आहेत, नखाला लागतात. इंजिनाचं लोखंड ओतलं तेव्हाची, त्यावर उमटलेली तारीख जानेवारीअखेरची आहे. ठोक्यातली तारीख ०२१७, म्हणजे सतरा फेब्रुवारी. आकडे डावीकडे खोल आणि उजवीकडे पुसट आहेत. एर्व असाच ठोकायचा का?

शिकागोचा एक दलाल पंचवीस तारखेला येतोय. त्याच्या आत मला हो किंवा नाही सांगायचंय. तुझ्या एका ओळीवर अडलंय.

वाट बघतेय, विसरू नकोस.
लॉटी

*

मिलब्रुक
१५ एप्रिल १९९८

चि. लॉटीस,
अ. आ.

गाडी घेऊ नकोस. नंबर खोटा आहे.

सत्तर साली सोळा ते वीस फेब्रुवारी आपला संप होता, हे तुला माहीत आहे. तू स्वतः गेटवर कॉफीचे थर्मास पाठवत होतीस. सतरा तारखेला कारखान्यात एक इंजिन बनलं नाही. नंबर ठोकणाऱ्याला तारीख निवडताना संपाची खबर नव्हती, एवढंच. हा ठोका एर्वचा नाहीच.

ठसा जाळून टाक. कुणाला दाखवू नकोस, उगाच बोभाटा नको. शिकागोवाल्याला नेऊ दे. तुला चांगली चार दारांची, नवी गाडी बघ, धडकेत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असलेली.

जास्त लिहवत नाही.
कॅझ

*

रिचमंड
२० एप्रिल १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी संतापले होते. शनिवारी न्याहारीला सगळ्यांसमोर हॉलिसला विचारलं, की संपाच्या दिवशी बनलेलं इंजिन तू कुठून आणलंस? टेबलावर दोन जण आपल्या कारखान्यातले निवृत्त आहेत. त्यांनी लगेच मान डोलावली, की बरोबर आहे, त्या आठवड्यात आत चिटपाखरू नव्हतं. हॉलिस अंड्यांची ताटली तशीच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांवाल्यांच्या मंडळानं फलकावरून त्याचं नाव काढलं. त्यानं विकलेल्या तीन गाड्यांचे मालक आता बॉनेट उघडून बसलेत.

काल तो माझ्या पायरीवर आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, मी ती एकाहत्तर साली पहिल्या मालकाकडून घेतली, इंजिन कधी उतरवलं नाही, तुमच्या भावाला पुन्हा एकदा विचारा. एवढंच. आवाज चढवला नाही. लबाड माणूस आवाज चढवतो, दादा.

आणि मला झोप येत नाही. रेघा शाबूत आहेत. त्या असल्या तर नंबर खरा, असं तूच लिहिलंस. ओतीव तारीखही हवी तशी दोन-तीन आठवडे आधीची आहे. एर्व मरेपर्यंत म्हणायचा की त्या आठवड्यात चिमणीतून धूर येत होता, आत कुणीतरी होतं. तू त्याला समजावायचास, की पाइप गोठू नयेत म्हणून बॉयलर चालू ठेवलाय.

ठसा मी जाळलेला नाही. तो माझ्यासमोर आहे. डावीकडे खोल, उजवीकडे पुसट. एर्व उजव्या हाताचा होता. डावऱ्या माणसाचा हातोडा असा पडतो का?

उत्तर दे. कसलंही असलं तरी दे.
लॉटी

*

मिलब्रुक
२३ एप्रिल १९९८

चि. लॉटी,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं आणि ठेवलं.

हो, तसाच पडतो. तो माझा हात आहे. लिफाफा उघडल्या उघडल्या ओळखला.

तुझी जेनवहिनी तेव्हा इस्पितळात होती. संप युनियनला न विचारता झालेला, म्हणून कंपनीनं त्याच दिवशी सगळ्यांचा विमा थांबवला. तिची शस्त्रक्रिया बुधवारी होती. सोमवारी रात्री फोरमन घरी आला. म्हणाला, जो आत येईल त्याचा विमा चालू राहील, आणि कुणाला कळणार नाही. आम्ही अकरा जण होतो. रेल्वेच्या बाजूनं, मालडब्यात बसवून आत नेलं. तीन दिवसांत चाळीसेक इंजिनं झाली. नंबर ठोकायला कुणी नव्हतं, तर एर्वचा हातोडा माझ्या हातात दिला. मूठ त्याच्या उजव्या हातानं झिजलेली होती. मला ती धरताच येईना, म्हणून ठोका तिरका.

बाहेर गेटवर एर्व थंडीत उभा होता. पुढं वर्षभर तो आत कोण होतं ते शोधत राहिला आणि प्रत्येक नाव आधी मला विचारायचा. मी म्हणायचो, तो नसेल रे. तेवढं एक बरं केलं, कुणा निर्दोष माणसावर आळ येऊ दिला नाही. आणि आता ट्रेंटवर आणला. तुला गाडी नको म्हटलं ते तुझ्या काळजीनं नव्हे. तुझ्या दारात ती रोज उभी राहील आणि कधीतरी कुणीतरी बॉनेट उघडून विचारील, या भीतीनं.

जेन त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. म्हणून पश्चात्ताप झाला असंही खरेपणानं लिहिता येत नाही. हा गुंता सोडवायला मला अक्कल कमी पडते.

तुला एर्वचा ठोका हवा होता. हा तो नाही. इंजिन मात्र खरं आहे. ट्रेंटला सांग.
लोभ मागायचा अधिकार राहिला की नाही, ते तूच ठरव.
कॅझ

*

रिचमंड
२७ एप्रिल १९९८

कॅझदादास,

पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी न्याहारीला मी ते वाचून दाखवलं. इस्पितळाचं सोडून सगळं, तुझ्या नावासकट. हॉलिसचं नाव मी चारचौघांत घालवलं होतं, परत आणायलाही चारचौघेच लागले. कारखान्यातल्या दोघांपैकी एक उठून गेला. दुसरा कपातला चमचा बाजूला ठेवून म्हणाला, कॅझ? तो कॅझ?

हॉलिसनं शिकागोवाल्याला परत पाठवलंय. पंचवीस वर्षांची धुलाई शिकागोला द्यायची नाही म्हणाला. गाडी तो मलाच देतोय, पण एक अट आहे. इंजिनाबद्दल पुन्हा कुणी त्याच्याकडे बोट दाखवू नये म्हणून ज्यानं नंबर ठोकला त्याचं सहीचं निवेदन हवं. ते गाडीच्या कागदांत राहील. माझ्यानंतर जो घेईल त्याच्याकडे जाईल, त्याच्यानंतरच्याकडेही.

मी हो म्हणून आलेय. आता त्या इंजिनात एर्व नाही, तरीही. का ते मला विचारू नकोस.

एर्वनं तुला माफ केलं असतं, असं मी लिहिणार नाही. मी त्याला ओळखत होते. त्यानं केलं नसतं. माझं काय ते मला अजून कळलेलं नाही. जेन माझीही होती.

एकच पान लिही. कारणं नकोत, तारीख आणि नाव हवं. नऊ तारखेला मी ती गाडी चालवत तुझ्याकडे येतेय. दारात ये.

तुझी बहीण आहेच,
लॉटी

*

मिलब्रुक
१ मे १९९८

चि. लॉटीस,
अ. आ.

निघण्यापूर्वी तेल बघ. महामार्गावर साठच्या वर जाऊ नकोस. पाऊस असला तर येऊच नकोस, मागची चाकं घसरतात. मी दारात असेन.

निवेदन सोबत आहे. चार कागद फाडले. तू कारणं नको म्हणालीस, ती लिहिली नाहीत. शेवटच्या दोन ओळी तू मागितल्या नव्हत्या. त्या तुला आजवर सांगितल्या नव्हत्या, पत्रातही नाही. खोडू नकोस.
कॅझ

निवेदन

मी, कॅझिमिर वोइटास, वय ७०, राहणार मिलब्रुक, मिशिगन, लिहून देतो की मंगळवार दिनांक १७ फेब्रुवारी १९७० रोजी संप चालू असताना मी कारखान्यात कामावर होतो. सोबत ठसा जोडलेला नंबर त्या दिवशी मी माझ्या डाव्या हातानं ठोकला. इंजिन अस्सल आहे. त्याबाबत हॉलिस ट्रेंट यांच्याकडे कोणताही दोष नाही.

त्या सकाळी गेटवर उभं राहायची पाळी माझी होती. मी इस्पितळात आहे असं समजून माझ्या जागी एर्विन हार्टुंग उभा राहिला.

(सही) कॅझिमिर वोइटास