आमचं काही अडत नाही

३ फेब्रुवारी
संसदेच्या वार्षिक अनुदानाचा मोसम आला. आमची संदर्भ शाखा, म्हणजे सभासदांना भाषणासाठी माहिती पुरवणारी. गेल्या वर्षी पैसे कापले. पाचजणांचे दोघे उरलो, मी आणि सहायक बाई. बाईंचं कंत्राट मार्चअखेर संपतं. पैसे मिळाले नाहीत तर त्या घरी. बाई म्हणाल्या, सर, यंदा अनुदान समितीसमोर रडा, बाकी काही करू नका. शब्द दिला. रडणं म्हणजे काय मोठंसं.

७ फेब्रुवारी
सुनावणीसाठी दीनवाणा दिसणारा शर्ट शोधला. बायको म्हणाली, रोजचाच घाला की. दुर्लक्ष केलं.

१२ फेब्रुवारी
जेवणाच्या टेबलावर रंगीत तालीम. बायको समितीची अध्यक्ष झाली. शाखा कशी चाललीय, विचारलं. तोंडातून निघालं, उत्तम. तिने कपाळाला हात लावला. पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तम. ती म्हणाली, पाय मोडला तेव्हा डॉक्टरलाही हेच सांगितलं होतंत. साफ खोटं. डॉक्टरला ‘ठीक’ म्हणालो होतो.

१८ फेब्रुवारी
प्रिंटरचा ट्रे तुटलाय. बाई पट्टीने कागद धरतात, मी मागचं बटण दाबतो. अशी अठ्ठावीस पानं काढली. कॉरिडॉरमध्ये एक सभासद म्हणाले, तुमची शाखा म्हणजे घड्याळ हो. दिवस फार छान गेला. बाईंना सांगितलं. त्या बोट चोळत होत्या, कागदाने कापलं होतं.

२३ फेब्रुवारी
उद्या सुनावणी. बाईंना दुसरीकडे कुठे कोण घेणार, या वयात? तीनच वाक्यं बोलायची: माणसं नाहीत. यंत्रं मोडलीत. आम्ही मेलो. चौथं वाक्य नाही म्हणजे नाही.

२४ फेब्रुवारी, दुपारी
माझ्या आधी सुरक्षाप्रमुख. गड्याने सरळ बूट काढून फाटका तळ समितीला दाखवला. मागितलं ते मंजूर. स्वस्त नाटकं.

मग मी. सुरुवात झकास. दुसऱ्या वाक्याला आवाज खरोखर भरून आला. तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं होतं तुमची शाखा कोलमडेल, पण एकही टिपण उशिरा आलं नाही. कसं जमवलंत?

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं. पट्टीचं सांगितलं, बटणाचं सांगितलं, जेवणाची सुट्टी कशी बंद केली तेही. सगळी समिती ऐकत होती. एकजण लिहून घेत होते. त्यांनीच विचारलं, आणखी थोडं कापलं तर? मी म्हणालो, आमचं काही अडत नाही. टाळ्या पडल्या.

एकूण उत्तम झालं. मागच्या खुर्चीवरून बाई उठून गेल्या होत्या. भारावल्या असाव्यात.

२५ फेब्रुवारी
बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, आणि बाईंचं काय? म्हटलं, समिती माणसं ओळखते. रात्री नीट झोप लागली नाही. आमटी तिखट होती.

१४ मार्च
अहवाल आला. आमच्यावर अख्खा परिच्छेद. ‘अनुकरणीय.’ अनुदान निम्मं. सहायकाचं पद रद्द. इतर शाखांनीही याच पद्धतीने काटकसर करावी, अशी सूचना. ग्रंथपाल जिन्यात तोंड फिरवून गेले. अध्यक्षबाईंना भेटून चूक दुरुस्त करून घेणार. सोमवारी नक्की.

१७ मार्च
भेटलो. त्यांनी उभं राहून हात मिळवला. म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं हवीत. विषय काढता आला नाही. चहा चांगला होता.

३१ मार्च
बाईंचा शेवटचा दिवस. खुर्चीवरची उशी पिशवीत घातली, पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, घरी अजून सांगितलेलं नाही, सर. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघा कसा रडतो. त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

१ एप्रिल
पट्टी धरली तर बटणापर्यंत हात पोचत नाही. बटण दाबलं तर कागद जमिनीवर. शेवटी पट्टी दातांत धरली. तेवढ्यात अध्यक्षबाईंचा फोन. एकट्याने कसं चाललंय? पट्टी काढली आणि म्हणालो, उत्तम.

फोन ठेवला. मग सवयीने हाक मारली, बाई, जरा कागद धरता का.