करंगळीचं माप

अण्णा, बोलतेय मी आणि लिहितेय तुमची पणती. मला लिहिता का येत नाही ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्यावर येतेच मी, पळून कुठे जाणार तुम्ही?

तर माझ्या खोलीत ए.सी. बसतोय. लग्न होऊन मी वाडीतल्या या घरात आले, तेव्हा तुम्ही आहेर म्हणून वायरिंग करून दिलंत. लोकांचे वडील पातेली देतात, तुम्ही भिंत फोडलीत. सासूबाई महिनाभर खोकत होत्या. त्या भिंतीतला तुमचा लोखंडी पाइप अजून तसाच आहे. परवा गुजराती इलेक्ट्रिशियननं जुन्या वायरी ओढून काढल्या आणि त्यातून नव्या सात कोंबायला लागला. वळणावर अडकल्या. म्हणतो, "बा, भींत तोडवी पडशे." मी म्हटलं, "आधी मला तोड, मग भिंत. सगळ्या बाहेर काढ आणि दोन कमी कर." तो म्हणे, कशावरून?

आता काय सांगू! तुमचं माप म्हणजे माझी करंगळी. मी एवढीशी, तुमच्यामागे कामावर येणारी. पाइपाच्या तुकड्यात वायरींचा जुडगा धरून तुम्ही हाक मारता, "ये गं, बोट घाल." बोट सहज गेलं तर ठीक, अडलं तर एक वायर कमी. एक शेठ म्हणाले, अजून एक जाईल की. केवढे ओरडलात त्यांच्यावर! "पाइप म्हणजे पोह्यांचा डबा नव्हे दाबून भरायला. वायरी तापतात, त्यांना वारा लागतो." आई म्हणायची, पोरीला शाळेत घाला. तुम्ही म्हणायचात, करंगळी जाड झाली की घालू. जाड झाली तोवर शेजारच्या बोटात अंगठी आली होती.

मग काय, मी ऐटीत पाइपाचा तुकडा मागवला आणि करंगळी घातली. वायरींसकट नव्हे हो, रिकाम्यातच. संधिवातानं सुजलेली ती, बसली अडकून! साबण झाला, तेल झालं. पणती हसून हसून जमिनीवर. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "बा, भींत पछी, पहेलां आंगळी काढीए."

बोट सुटल्यावर पणतीनं मोबाइलवर हिशेब मांडला. पाइपाचं तोंड केवढं, वायर केवढी. म्हणे, शंभरातले चाळीसच भरायचे, साठ मोकळे ठेवायचे. उत्तर आलं पाच. मी म्हटलं, "म्हणजे माझं बोट त्या साठातलं होतं तर."

"आजी, तू बिनपगारी कॅल्क्युलेटर होतीस."

पाच वायरी सुळकन गेल्या. उरलेल्या दोन भिंतीवरून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत. दिसतं भिकार, पण तुमची भिंत वाचली.

पणती विचारतेय, हे पाठवू कुणाला? म्हटलं, कुणाला नको, राहू दे तुझ्या मोबाइलात. आणि आता जे सांगते ते ऐकून हसू नकोस, नुसतं लिही. अण्णा, मला ए.सी. नकोच होता, गार वारा सोसत नाही. तुमचा पाइप बघायला मिळेल म्हणून हो म्हटलं. वायरी काढून इलेक्ट्रिशियन चहाला गेला, तेव्हा मी स्टुलावर चढून त्या रिकाम्या पाइपाला तोंड लावलं. शाळेचं विचारायचं, चांगलं झापायचं, असं ठरवून चढले होते. नुसतंच "अण्णा" म्हणून खाली उतरले.