डावी नडगी

ग्रिम्सबी,
१९ मे, सोमवार

रॉडनी,

जिवंत असशील असं धरून लिहिते. नसशील तर पत्र परत येईल, तेव्हा कळेलच. पत्राला कारण आहे, पण ते खाली. आधी इकडचं.

आईच्या घरात आता नखं रंगवायचं दुकान निघालंय. कोपऱ्यावरचा मासे-चिप्सवाला मेला. त्याचा मुलगा मासा लहान देतो आणि पीठ जाड लावतो. माझा खुबा बदलला. नवा धातूचा आहे, ड्रमच्या स्टुलावर बसले की आतून कुरकुरतो, पण ताल चुकत नाही. माझा ताल कधीच चुकला नाही, एवढं तरी सख्खा भाऊ म्हणून कबूल कर.

थांब, उठून आले. नवरा दारात उभा होता. जॅकेट घालून.

बँड चालू आहे. लोक म्हणतात, या वयात विणकाम करावं. मी म्हणते, हातात काड्या असल्याशी मतलब. समोर उड्या मारणारे आता टकले झालेत, गुडघ्यांना पट्टे बांधून येतात. मार्चमध्ये एकाची कवळी पडली तर सगळ्यांनी उड्या थांबवून शोधून दिली आणि मग पुन्हा एकमेकांना ढकलायला लागले. नातवंडांना घेऊन येतात. तीही मला आजीच म्हणतात. तुझ्या जागी कॅलम आहे, पंचविशीचा. गिटार बरी वाजवतो. पोरगं गुणी आहे, जरा जास्तच. स्टेजवर यायच्या आधी दात घासतं.

ते गाणं आम्ही वाजवत नाही. कुठलं ते तुला ठाऊक आहे. ज्या गोदीतून बाबा काम गमावून हात हलवत घरी आले, तिच्यावरचं गाणं तू सोफे विकणाऱ्यांना जाहिरातीसाठी दिलंस. अजूनही कुणाच्या घरी गेले आणि "सोफ्यावर बस ना" म्हणाले, की मी उभी राहते. मी ते विसरलेले नाही. विसरायचं काम या घरात दुसरं कुणी करतंय.

आला पुन्हा.

"गाडी आली का गं?"

"आज गाडी नाही, नेव्ह. सोमवार आहे."

"मग मी जॅकेट कशाला घातलंय?"

"मला काय विचारतोस? मी घातलं का?"

"रॉड नेहमीचा उशीर करतो," म्हणाला आणि जिन्यावर जाऊन बसला.

तर आता लिहूनच टाकते. लीड्सच्या कार्यक्रमात नेव्हने दुसरं गाणं म्हटलं, संपवलं आणि परत तेच सुरू केलं. मी आणि कॅलम मुकाट वाजवत राहिलो. लोक वेडे झाले. त्यांना वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय, काय माज आहे बघा! आपल्या धंद्यात हीच मेख आहे. माणूस तोल जाऊन पडला तरी टाळ्या पडतात.

मग नवीनच सुरू झालं. प्रत्येक गाण्याआधी डावा पाय पुढे काढून गप्प उभा राहायचा. हलायचा नाही की बोलायचा नाही. लोकांना तेही आवडलं. हल शहरात कार्यक्रम केला तर अख्ख्या हॉलने डावे पाय पुढे काढले, तळ्यावरचे बगळे जसे. मीही हसले. बरेच दिवस हसत होते.

डॉक्टरीणबाईंनी स्मरणशक्ती तपासायला त्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्याने छान गोल काढला आणि खाली तीन पाय काढले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"ड्रम."

"आणि वाजले किती?"

"हिला विचारा. ताल ही धरते."

बाईंनी मग माझ्याकडे बघून एक शब्द सांगितला. तो मला नीट लिहिता येत नाही. येत असता तरी लिहिला नसता.

परवा तालमीत खुर्चीवर बसला तेव्हा त्याची पँट वर सरकली. डाव्या नडगीवरचा खड्डा दिसला. मेल्या, तुझ्या बुटाचा तो. विशीत असतानाही त्याला पुढचं गाणं कुठलं ते ठाऊक नसायचं. तू नडगीवर लाथ घालून कानात पहिली ओळ ओरडायचास, की गडी सुटायचा. तो लाथेची वाट बघतोय, रॉडनी. पाय काढून उभा राहतो तो तुझ्यासाठी.

कॅलमला म्हटलं, मार. म्हणाला, "आजी, सत्तरीच्या माणसाला मी लाथ नाही मारणार."

"मार, नाहीतर मी तुला मारीन."

मारली. म्हणजे परवानगी मागितल्यासारखा पाय लावला. नेव्हने खाली बघितलं, मग त्याच्याकडे. "कोण रे तू? रॉड कुठाय?"

इतकी वर्षं माझ्या धाकाने तुझं नाव त्याने या घरात काढलं नव्हतं. आता धाकही विसरला. बाकी सगळं सोसलं मी, हे लागलं.

ऑगस्टात ब्लॅकपूलला मोठा कार्यक्रम आहे. तो शेवटचा. त्याला सांगितलंय; रोज नव्याने सांगते. हजारो लोकांपुढे तो पाय काढून उभा राहील आणि ते हसतील, ते बघत मी मागे ताल धरून बसणार नाही. तू डाव्या बाजूला उभा राहिलास तर वाजवू. नाहीतर आयोजकांना कळवून टाकते की आमचं संपलं.

माफी मागत नाही. तुझीही नको. सोफ्याचं गाणंसुद्धा वाजवू. तेवढंच त्याला अखेरपर्यंत येतं. काल चहा ढवळता ढवळता सगळं म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मी उभ्यानेच ऐकलं.

जिन्यावरून विचारतोय, कुणाला लिहितेस? म्हटलं, रॉडला.

"त्याला सांग, जरा हळू मार म्हणावं."

हळू मारू नकोस. जाड बूट घालून ये.

डावी बाजू मोकळी ठेवून,
डोरीन