ब्रुनोची शिकवणी

सिंदेवाही, ५ जानेवारी २०२५

ती. सुगंधाबाईस,
धाकट्या भावाचा, दादाजीचा सा. न. वि. वि.

चिचटोल्यात फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र माझ्या राइस मिलच्या टेम्पोत, ड्रायव्हर हेमराजच्या खिशात बसून येत आहे. मागच्या हंगामात शेजारच्या गावातली बाई वाघाने नेली. तेव्हापासून प्रणित म्हणतो, आईला रानात मोहाची फुलं वेचायला जाऊ देणार नाही. तू म्हणतेस, जाणारच. मायलेक दोघेही हटत नाहीत, म्हणून मी त्याला कबूल करवलं आहे : सोबत शिकवलेला कुत्रा असेल तर तू जायचं.

ओळखीच्या एका इंजिनिअरची चंद्रपूरहून बदली झाली. त्याचा लॅब्राडोर मी मिलवर आणला. नाव ब्रुनो. आल्या आल्या तो कोंड्याच्या ढिगावर ओकला आणि तेच परत खाल्लं. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण नाक तेज आहे. शिकवायचं दोनच : बाजूने चालणं आणि हाकेसरशी परत येणं. न येणारा कुत्रा जनावराला डिवचतो, आणि ते मागे लागलं की पळत तुझ्याच पायाशी येतो. होळीच्या आत शिकवून पाठवतो.

आहे तो लोभ जपून ठेव, मला लागणार आहे.
दादाजी


चिचटोला, १४ जानेवारी

चि. दादाजीस,
बाईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. सुनेनं नाई, मीच वाचलं. चष्मा नवा आहे. कुत्र्याले शिकवणी लागते हे मले साठ वर्षांत पहिल्यांदा समजलं. आमच्या इथी यू यू केलं का पाच येतात, त्यातले तीन आपले नसतात.

प्रणितचं मी काऊन ऐकू? शेत त्याच्या नावानं, घर त्याच्या नावानं. तुझे भाऊजी गेल्यापासून ते चार मोह तेवढे माझ्या हातचे. पहाटे झाडाखाली बसली का मले कोणी विचारत नाई, गोळी घेतली का, चहा झाला का. ते मी सोडत नाई. कुत्रा आला तरी जाईन, नाई आला तरी जाईन.

जेवत जा गा. ओकारीचं असं पत्रात लिहीत नाईत.
तुझी बाई


सिंदेवाही, ९ मार्च

ती. बाईस, सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं फक्त घाणेरडं होतं. हा प्राणी तळ्याकाठच्या सडक्या मासोळीत लोळतो आणि तसाच गादीवर येतो. फिरायला नेला तर तहसीलसमोर रस्त्यात बसला. ओढलं, ढकललं, शेवटी हातठेल्यावर घालून आणला. मागून कोणीतरी विचारलं, दादाजीभाऊ, वरात कोणाची? माझे कान तिखट, आवाज ओळखला. त्याचं धान यायचं आहे मिलवर.

मग चंद्रपूरहून मास्तर आणला. गळ्यात शिट्टी, तोंडात इंग्रजी. ब्रुनोने त्याचं सगळं शांतपणे ऐकलं आणि त्याच्या बुटावर तंगडी वर केली. मास्तर म्हणाला, जातच खराब. मी चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

बाई, मी हमालीतून मिलचा मालक झालो तो कानांच्या जोरावर. मशिनीचा पट्टा सरकायच्या आधी मला ऐकू येतो. तेव्हा एक दिवस खुर्ची टाकून नुसता ऐकत बसलो. दिवसभरात ब्रुनोचं नाव अकरा वेळा कानावर आलं. तीनदा साखळी घालायला, दोनदा आंघोळीला, बाकी शिव्यांसाठी. असं बोलावलं तर मीही आलो नसतो. त्या दिवसापासून मिलवर नियम : नाव घ्यायचं ते हातात सुके झिंगे असतील तरच. शिव्या बिननावाच्या द्यायच्या. आता माझ्या प्रत्येक खिशाला वास आहे. तुझी भावजय रीता माझं ताटसुद्धा पडवीत पाठवते.

चालण्याचंही तसंच. ओढलं की तो बसतो. मी थांबलो की कंटाळून उठतो. चौकात वीस मिनिटं थांबलो, लोक विचारायला लागले, कोणत्या पक्षाकडून?

काल तळ्यापलीकडे मेलेल्या डुकरात तोंड घालून होता. एकच हाक मारली, आला. तोंडासकट आला, ते सोड. हेमराजसोबत पाठवतो आहे. नाव मोठ्याने घ्यायचं, एकदाच.

झिंग्यांची पिशवी सोबत आहे. लोभ त्या वासापलीकडून असू दे.
दादाजी


चिचटोला, २२ मार्च

चि. दादाजीस, अ. उ. आ.

कुत्रा गुणाचा आहे. घरी नाव घेतलं का येते, बाजूनं चालते. पण तू काय शिकवून पाठवलं गा? रानात नाव घेत नाईत, विसरला का? आई आपल्याले मोहावर ने, तवा काय सांगे? रानात नाव घेतलं का झाडीत बसलेला आयकणारा ते शिकते, मंग त्याच नावानं तो आपल्याले बोलावते. म्हणून तर आपण नाव टाकून नुसती कू घालतो, कूऽऽ अशी.

काल नाल्यापाशी ब्रुनो थांबला. पाठीवरचे केस उभे. मंग सरळ बांबूत शिरला. नाव माझ्या जिभेवर होतं, पण निघालं नाई. कू घातली तर त्यानं मान वळवली नाई. मी टोपली तिथीच टाकून, उलट्या पावलानं शेजारीण बुधरी मोह वेचते त्या झाडापर्यंत आली. तो तासाभरानं घरी आला, काईच झालं नाई असा.

प्रणित म्हणते, आता बस. मोह अजून पंधरा दिवस पडन. मी एकटी जाईन.

तुले बोल लावत नाई. तब्येत पाह्य.
तुझी बाई


सिंदेवाही, २४ मार्च

ती. बाईस, सा. न. वि. वि.

कुत्र्याची किळस संपली, आता स्वतःची येते आहे. दोन महिने गावाला शहाणपण वाटलं, आणि ज्या रानात चड्डी फाटेपर्यंत मोह वेचला तिथली पहिली गोष्ट विसरलो. कान मोठे, मध्ये काही नाही.

त्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या तोंडून नाव निघत नसेल तर शिकायचं कुत्र्याने, तू नाही. शनिवारी येतो. अंगणात तू कू घालायची आणि लगेच झिंगा द्यायचा, दिवसातून वीसदा. मग मी तुझ्यासोबत रानात येईन. प्रणितला वेगळी चिठ्ठी लिहून तेवढी मुदत मागितली आहे.

तोवर जाऊ नकोस. लहान भावाचा हट्ट समज.
दादाजी


चिचटोला, ६ एप्रिल

चि. दादाजीस, अ. उ. आ.

तू गेला आणि घर सुनं वाटून राह्यलं. वास अजून आहे. काल ब्रुनो पहिल्या कूले आला. प्रणित बांधावरून पाहत होता. मंग त्यानं माझी टोपली उचलून घरी आणली.

एक लिहायचं होतं. तू रानात सोबत होता त्या दिवशी ब्रुनो बांबूत शिरला, मी कू घातली, तो आला नाई. मी पाह्यलं, तुझं तोंड उघडलं. वाटलं, आता हा नाव घेते. तू घेतलं नाई. मंग दुसऱ्या कूले तो आला. विश्वास नसून माझा मान राखला, हे मी विसरणार नाई.

सुखी राह्य.
तुझी बाई


सिंदेवाही, ९ एप्रिल

ती. बाईस, सा. न. वि. वि.

मान राखला असं लिहिलंस, ते वाचून पत्र घडी करून ठेवलं, परत काढलं. न केलेल्या चांगुलपणाच्या कौतुकाला मला झिंग्यांपेक्षा वाईट वास येतो, म्हणून लिहितो.

मी नाव घेणारच होतो. तुझ्या समजुतीपेक्षा तुझा जीव मोठा, असं ठरवून तोंड उघडलं होतं. बांबूत वाळक्या पानांवर कोणी थांबून थांबून पाय टाकत होतं. तुला ऐकू आलं नसेल, मला आलं. ब्रुनोची चाल मी ओळखतो. ती त्याची नव्हती. आणि मशिनीच्या आवाजावरून हाक मारणारा मी माणूस, बाई, माझ्या तोंडून नाव निघालं नाही.

निघाली ती कू. पन्नास वर्षांत घातली नव्हती. तुझ्या आवाजात मिसळली, म्हणून ती दुसरी कू तू तुझ्या एकटीची समजलीस.

रीताला सांगू नकोस. लोभ मात्र आता थोडा वाढवून दे.
दादाजी