भक्कम बसलेला गर्डर

ती. काका,

वाकून नमस्कार. लेकीकडे तुमचं छान बस्तान बसलं असेल, गुडघाही फार कुरकुरत नसेल. तुमच्या कुंड्यांना मी रोज पाणी घालते (किल्ली माझ्याकडेच आहे, दुसऱ्या कुणाला देत नाही).

पत्रास कारण, आमच्या स्वयंपाकघराची मधली भिंत अखेर पाडली. वरचा भार पेलायला लोखंडी गर्डर घातला. त्याचं एक टोक रस्त्याकडच्या भिंतीवर आहे, दुसरं तुमच्या-आमच्या सामाईक भिंतीवर. नुसत्या विटांवर टेकवला तर विटा चुरडतात, म्हणून दोन्हीकडे खाली काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले. शिवाय तो भिंतीत चांगला आतपर्यंत बसावा लागतो. किती आत? मिस्त्री म्हणाले, वीतभर पुरे. बाबांनी मला बाजूला घेऊन चार बोटं वाढवायला सांगितली. आईने ताटात वाढताना करते तसं ‘असू दे गं’ म्हणत आणखी थोडं घातलं. (दुकानात माप सांगायचं काम माझं. मला धास्तीने झोप लागेना, म्हणून थोडं मीही घातलं. दोन्ही टोकांना.)

पण काका, काम असं झालंय की टेकू काढले तरी वरून धुळीचा कण पडला नाही! मिस्त्री म्हणतात, खुशाल हत्ती झुलवा. बाबा तर येता-जाता गर्डरकडे मान वर करून बघतात. त्यांच्या आरशाचा खिळा तुमच्या बाजूला निघाला, तेव्हापासून तुम्हा भावांचं बोलणं बंद आहे, आणि तो खिळा उपटून तुम्ही पुरावा म्हणून जपून ठेवलाय, हे मला ठाऊक आहे. तरी सामाईक भिंत इतकी मजबूत निघाली, याचा तुम्हालाही आनंदच होईल.

तुमची पुतणी

ता. क. गर्डर सरकवताना पलीकडे धप्पकन आवाज झाला. मिस्त्री म्हणाले, काही नाही. ते ‘काही नाही’ म्हणजे तुमचा गिलावा होता.

ता. क. रस्त्याकडून वाईट दिसू नये म्हणून मिस्त्रींनी सगळं वाढीव तुमच्याकडे ढकललं. भिंत संपली, गर्डर संपेना. तो तुमच्या पलंगाच्या उशाशी, वर छताजवळ बाहेर आलाय. पलंग सरकवलाय, टोकाला उशी बांधलीय (तुमची नाही, माझी). बाबांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

ता. क. पत्र पेटीत टाकायला बाबांकडे दिलं, ते त्यांनी वाचलं. आधी माझ्यावर उखडले. मग तुमच्या पलंगावर बसून त्या उशीकडे बघत हसत सुटले. म्हणाले, “त्याला लिही, गर्डर कापून देतो, पण आधी माझा खिळा परत कर. आणि पोस्टाने चालणार नाही, स्वतः घेऊन ये.”